३८० चौरस फूट, चार माणसं आणि दहावीचं टेबल: छोट्या घराच्या युक्त्या सांगा

मुग्धा_डोंबिवली
नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके आहे, कार्पेट ३८०. हॉल १४ बाय १०, बेडरूम १० बाय १०, किचन ८ बाय ७. माणसं चार: आम्ही दोघं, सासूबाई आणि यंदा दहावीत गेलेले चिरंजीव. रंगकाम काढायचंच आहे, तर लगे हाथ थोडं फर्निचरही करून घेऊ म्हणून एका इंटिरियरवाल्याला बोलावलं. त्याने थ्रीडी चित्रं दाखवली. फॉल्स सीलिंग, एल आकाराचा सोफा, टीव्हीमागे संगमरवरी दिसणारं पॅनेल, त्यात सोनेरी पट्ट्या. घर इतकं देखणं की आमचं वाटेचना. नव्हतंच म्हणा, चित्रातल्या हॉलला दोन खिडक्या होत्या, आमच्या हॉलला एक आहे. आकडा साडेचार लाख. आणि एवढं करून मुलाने अभ्यासाला बसायचं कुठे? तर "डायनिंग टेबलवर बसेल ना, मॅडम." डायनिंग टेबल कुठे बसेल, हे विचारायचं धाडस झालं नाही.

माझी अडचण अशी की सासूबाई हॉलमध्ये झोपतात आणि रात्री दहानंतर त्यांना दिवा चालत नाही. बेडरूममध्ये आमचा सहा बाय पाचचा बेड आणि कपाट, बाकी फक्त चालायची वाट. शिवाय पाहुण्यांची अंथरुणं, दिवाळीचे डबे, गणपतीचं मखर. बजेट दीड लाखाच्या आत. आणि हो, घर छान दिसायलाही हवं. नुसतं गोदाम नको.

सुगरण_नसलेली
रुमाल टाकून ठेवते. आमचं काम दिवाळीनंतर आहे.

चाळकरी_काका
फॉल्स सीलिंग पहिल्या फटक्यात रद्द करा. छोट्या घराची खरी इस्टेट वरती असते, ती पीओपीत कोंडून कशाला घालवता?

मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. ब्रिटिशांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधलेल्या चाळी. खोली १६० चौरस फूट, संडास मजल्यावर सामाईक. आजी धरून आम्ही सात जण. मोरीच्या डोक्यावर माळा, तिथे मोठा भाऊ अभ्यास करायचा, मान वाकवूनच. लोखंडी खाट एकच, तिचे चारही पाय विटांवर चढवलेले. त्यामुळे खाली दोन ट्रंका, तांदळाचा डबा, शिवणयंत्र आणि लपाछपीत धाकटी बहीण, एवढं सगळं मावायचं. वळकट्या दिवसभर खाटेवर, वर चादर ओढली की आलेल्या माणसाला टेकायला जागा. छताखाली बांबूची दांडी. आई ओलं लुगडं काठीच्या टोकावर घ्यायची आणि एका झटक्यात दांडीपलीकडे टाकायची, खाली थेंब पडायच्या आत बादली पायाने सरकवून. भिंतीला खुंट्या, कोनाड्यात देव. डेकोरेशन म्हणाल तर कॅलेंडर आणि आरसा.

सांगायचा मुद्दा: जमिनीवर कमी, भिंतीवर आणि भिंतीच्या वर जास्त.

अवनी_लालबाग
काका, प्रतिसाद आवडला, पण चाळीचं कौतुक पुरुषांनी लिहिलं की मला हटकून आईची आठवण येते. कपडे बदलायचे तर मोरीच्या पडद्याआड आणि नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर गच्चीवर. रात्री पुरुष मंडळी बाहेर पॅसेजमध्ये झोपायला जायची म्हणून आत बायकांना पाय पसरता यायचे. तुमची १६० फुटांची खोली सात जणांना पुरायची, कारण निम्मं घर बाहेर होतं: पॅसेज, जिना, मैदान, शेजारच्यांचा टीव्ही. मुग्धाताईंच्या दाराबाहेर काय आहे? लिफ्ट आणि सोसायटीची नोटीस, "पॅसेजमध्ये चपलांचे स्टँड ठेवू नयेत".

चाळकरी_काका
मान्य. एकदम मान्य. आमच्या भावकीतल्या एकाला वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी झालेल्या नव्या इमारतीत ५०० फुटांचं घर मिळालं, २०२५च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पहिल्या चाव्या दिल्या तेव्हा. तो म्हणतो घर तिप्पट झालं, पण दार लावून बसल्यावर पहिल्यांदा कळलं की आपल्याकडे सामान किती आहे ते.

वऱ्हाडी_ठेचा
बाप्पा! ३८० फुटात चार माणसं? आमच्या नागपुरात तेवढ्यात कूलर अन् स्कूटरच राह्यते.

प्लायवाला_मित्र
(व्यवसायाने आर्किटेक्ट, त्यामुळे सवयीने लांबण लावणार.)

मुग्धाताई, आधी दारं बघा. अडीच फुटांचं दार उघडताना जमिनीवर पाव वर्तुळ काढतं, म्हणजे जवळजवळ पाच चौरस फूट. तेवढ्या जागेत काही ठेवता येत नाही. बेडरूम, बाथरूम आणि कपाटाची दोन दारं धरली तर तुमच्या घरात पंधरा-वीस फूट जागा नुसती दारांच्या उघडझापीला राखलेली आहे. बाथरूमचं दार बाहेर उघडत असेल तर सरकतं करा. कपाटालाही सरकती दारं करता येतील, फक्त त्यात एका वेळी अर्धंच कपाट उघडतं, हे नवरा-बायको दोघांना एकाच वेळी ऑफिसला निघायचं असेल तर लक्षात ठेवा.

दुसरं, कपाटाची खोली. सुतार डोळे मिटून दोन फूट काढतो, कारण हँगर आडवा टांगायला तेवढी लागते. पण रोजचे शर्ट-कुर्ते घडी करून ठेवणार असाल तर १५ इंच पुरतात. टांगायचंच असेल तर दांडी पुढे ओढायची मिळते, तिच्यावर हँगर समोर तोंड करून लागतात. १० फुटी भिंतीवर नऊ इंच वाचले म्हणजे साडेसात चौरस फूट. तुमचं टेबल याहून लहान आहे.

तिसरं, माल. किचनला आणि बाथरूमच्या भिंतीला टेकणाऱ्या कामाला आयएस ७१० मार्कचं, म्हणजे पाणी सोसणारं प्लाय, बाकी घराला आयएस ३०३ चालतं. शीट आठ बाय चारची येते. फळ्यांची मापं तिच्यात बसवून घ्या, नाहीतर कापून उरलेल्या तुकड्यांचे पैसे तुम्ही भरता आणि तुकडे सुतार नेतो. सोनेरी पट्ट्यांबद्दल माझं मत विचारू नका.

मुग्धा_डोंबिवली
@प्लायवाला_मित्र, दारांचं गणित वाचून नवऱ्याने टेप काढली आणि सगळी दारं मोजत सुटला. जेवण राहिलं.

तोक्योतली_तनू
इथे भाड्याच्या घरात सहा तातामींची (जमिनीवरच्या गवती चटया, खोली त्यांवरच मोजतात) खोली म्हणजे साधारण १०५ चौरस फूट, आणि आम्ही दोघं त्यातच झोपतो, जेवतो, काम करतो. जपानी घरात ओशिइरे असतं, भिंतीतलं जवळजवळ तीन फूट खोल फडताळ, मध्ये एक आडवी फळी. सकाळी गादी उन्हात टाकायची, मग घडी करून आत, दार सरकवलं की बेडरूमची बैठकीची खोली. बेड नाहीच. माझी आजी जळगावला हेच करायची, फक्त गादी कोपऱ्यात रचून वर सोलापुरी चादर टाकायची.

सगळं भिंतीत ठोकून बसवायच्या मात्र मी विरोधात. इथे नाकागिन कॅप्सूल टॉवर नावाची प्रसिद्ध इमारत होती, वास्तुरचनाकार किशो कुरोकावांनी १९७२ साली बांधलेली. दहा चौरस मीटरची एकेक कॅप्सूल. बेड, टेबल, फोन, टेपरेकॉर्डर सगळं भिंतीत बसवून आलेलं. कल्पना अशी की पंचवीसेक वर्षांनी जुनी कॅप्सूल काढून नवी लावायची. एकही बदलली गेली नाही. २०२२ मध्ये इमारत पाडली. दहावीचं टेबल दहावीपुरतं असतं, ताई. ते भिंतीत चिणू नका.

नंदू_ठाणे
बॉक्स बेड करा. विषय संपला. आमच्या बेडच्या पोटात सहा गाद्या, चार रजया, दोन बॅगा आणि बायकोचा अख्खा रुखवत आहे.

अवनी_लालबाग
आणि तो रुखवत शेवटचा कधी पाहिला?

नंदू_ठाणे
पाहायचा कशाला? आहे ना.

सुगरण_नसलेली
बॉक्स बेड म्हणजे दृष्टीआड सृष्टी. वरची गादी उचला, फळी उचला, फळी एका हाताने डोक्यावर धरा, दुसऱ्या हाताने खालच्या थरातली रजई ओढा. आमच्या शेजारी पावसाळ्यानंतर उघडला तर आतल्या सगळ्या सुती चादरींवर बुरशीचे काळे ठिपके. कोकण, मुंबई, ठाणे पट्ट्यात तरी तळाला आणि बाजूंना भोकं पाडल्याशिवाय बॉक्स बेड करूच नये. कडुनिंबाचा पाला, डांबरगोळ्या वगैरे ठीक, पण हवा खेळली नाही तर त्यांनी काही होत नाही.

प्लायवाला_मित्र
सहमत. हायड्रोलिकवाला घेणार असाल तर पंप गादीच्या वजनाचा हिशेब करून लावायला सांगा. काथ्याची गादी आणि फोमची गादी यांत बराच फरक असतो. हलका पंप लावला की झाकण मध्येच खाली येतं. त्यापेक्षा खाली चाकं लावलेले ड्रॉवर बरे. बाजूला दीड-दोन फूट मोकळी जागा हवी, एवढंच.

कट्ट्यावरचा_बंड्या
दीड फूट मोकळी जागा असती तर हा धागा निघाला असता का?

भाडोत्री
आमच्यासारख्यांसाठी पण लिहा की. घरमालक खिळा ठोकू देत नाही. चिकटवायचे हुक लावले, डिस्टेंपरवर ते जुलैपर्यंतच टिकतात, मग रंगासकट खाली येतात. मला सगळ्यात कामाला आलं ते पाठ नसलेलं उघडं रॅक. ते खोलीच्या मधोमध आडवं ठेवलं. एका बाजूला बिछाना, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर. पुस्तकांच्या वरून उजेड आरपार जातो, त्यामुळे खोली कोंदट होत नाही. वरच्या दोन फळ्यांमागे जुन्या साडीचा पदर सोडला आहे. घर बदललं की रॅक टेम्पोत.

मुग्धा_डोंबिवली
पदराची कल्पना सुंदर. सासूबाईंकडे विरलेली एक इरकल आहे, फेकवत नाही आणि नेसवत नाही.

खणाची_चोळी
फेकू नका!! खणाचे उरलेले तुकडे चौकटीत ताणून भिंतीवर लावा, पैठणीचे काठ पडद्याला, विटक्या सुती साड्यांची गोधडी सोफ्यावर. छोट्या घरात शोभेच्या वस्तू वेगळ्या ठेवायला जागा नसते, म्हणून जे वापरायचं तेच देखणं घ्यायचं. माझ्याकडे हॉलमध्ये शोपीस एकही नाही. पितळेचा डबा आहे, त्यात चहापावडर असते. सावंतवाडीची लाकडी फळं होती तीही भाचीला दिली, धूळ पुसून पुसून जीव नकोसा झाला होता.

कट्ट्यावरचा_बंड्या
माझ्या सासुरवाडीला शोकेसमध्ये क्रोकरी आहे. १९९४च्या लग्नातली. तिच्यात चहा मागितला तर काय होतं ते विचारू नका.

चाळकरी_काका
अवांतर: मखराचं काय करता सगळे? थर्मोकोल २०१८ला बंद झालं ते एका अर्थी बरं झालं, वर्षभर माळ्यावर त्याचाच संसार असायचा. आता घडीच्या पुठ्ठ्याचं आणलंय, सपाट होऊन कपाटामागे जातं. पण दीड दिवस गणपतीचं टेबल मांडायचं म्हणजे टीव्ही खाली उतरवावा लागतो.

नंदू_ठाणे
आम्ही टीव्ही युनिटच तसं केलंय. वरची फळी १८ इंच खोल. गणपतीत टीव्ही भिंतीवर वर सरकतो, फळीवर बाप्पा, मागे खणाचा पडदा. उरलेलं वर्ष फळीवर रिमोट आणि लाइटबिलं.

सुगरण_नसलेली
आणि गौरी? उभ्याच्या गौरी असतील तर हा हिशेब चालायचा नाही. आमच्याकडे तीन दिवस फ्रिज शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये असतो. पाणी प्यायला बेल वाजवून जातो.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडं महालक्ष्म्यांना अख्खी खोली देतेत. पण मी आता काही बोलत नाही, लोकं जळतेत.

मिनाक्षी_पुणे
मूळ विषयाकडे येऊ का? कोणीच उजेडावर बोललेलं नाही. बहुतेक घरांत भिंतीवर एकच पांढरीफेक ट्यूब, ६५०० केल्विनची. ती सगळीकडे सारखा उजेड पाडते, म्हणजे माळ्यावरच्या बोचक्यांपासून सोफ्याखालच्या चपलेपर्यंत सगळं एकाच वेळी दिसतं. त्याऐवजी दोन-तीन लहान पिवळसर दिवे, ३००० केल्विनच्या आसपासचे, वेगवेगळ्या कोपऱ्यांत लावा. कोपरे उजळले की खोली लांब दिसते. काम करायचं तिथे कामापुरता दिवा वेगळा. आरसा लावायचा तर खिडकीच्या समोरच्या भिंतीवर. भिंती पांढऱ्याच हव्यात हे मला पटत नाही. १४ फुटी हॉलच्या टोकाची भिंत गडद केलीत तर ती मला तरी मागे सरकल्यासारखी वाटते, मात्र बाकी तीन फिक्या ठेवा.

प्लायवाला_मित्र
+१. आणि उजेडावरून आठवलं. आजच्या ओट्याच्या किचनचं मूळ मानतात ते फ्रँकफर्ट किचन. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या कामगार वसाहतींसाठी केलं. ते १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे जेमतेम ७० चौरस फूट. बाईंनी स्टॉपवॉच लावलेल्या कामाच्या नोंदींचा अभ्यास केला, आगगाडीच्या डायनिंग कारचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवलं. छताला पट्टी, तिच्यावर मागेपुढे सरकणारा दिवा. भिंतीवरून खाली पाडायचा इस्त्रीचा पाट. काम झालं की पाट वर.

मुग्धाताईंचं किचन ५६ फूट. ओटा दोन फूट खोल आणि एकाच भिंतीला असेल, तर समोर पाच फूट मोकळे राहतात. किचनला दार आहे का?

मुग्धा_डोंबिवली
आहे. कधी लावत नाही, त्याच्यामागे सिलिंडर असतो. का?

प्लायवाला_मित्र
सिलिंडर ओट्याखाली घ्या आणि समोरच्या भिंतीवर तीन फूट बाय दीड फुटाची फळी घडीच्या ब्रॅकेटवर लावा, उंची ३० इंच. रात्री साडेनऊला तुमचा ओटा आवरला की ती खोली सकाळपर्यंत रिकामी असते. घरात रात्री दार लावून दिवा चालू ठेवता येईल अशी तेवढीच एक जागा आहे. तुमच्याकडे जागा कमी नाही, रात्री दहा ते बारा कमी आहे.

अवनी_लालबाग
आणि पुरुषांनी सुचवलेलं घडीचं टेबल शेवटी घडी करतं कोण? माझा अनुभव: घडीच्या वस्तूची घडी पहिले पंधरा दिवस होते. मग त्यावर इस्त्रीचे कपडे राहायला येतात.

भाडोत्री
म्हणूनच किचन बरं. सकाळी डब्याच्या वेळी ते मिटलं नाही तर पोळ्याच लाटता येणार नाहीत. झक मारत मिटतं.

मिनाक्षी_पुणे
पण किचनमध्ये पंखा? फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची परीक्षा, गॅस बंद केल्यावरही ओटा तासभर धग धरून असतो.

प्लायवाला_मित्र
भिंतीवरचा पंखा, दाराच्या वर. शिवाय एक्झॉस्ट असेल तर तो स्वयंपाकानंतर अर्धा तास चालू ठेवायचा.

तोक्योतली_तनू
करायच्या आधी जमिनीवर आणि भिंतीवर वर्तमानपत्रं कापून चिकटवा, खऱ्या मापाची. दोन-चार दिवस तसंच वावरा. कागदावर पाय पडत असेल तर तिथे फर्निचर आलं की नडगी आपटणार.

मुग्धा_डोंबिवली
उशिरा उत्तर देतेय, घरात वर्तमानपत्रं चिकटवलेली आहेत. सासूबाईंनी तीन वेळा रद्दी म्हणून उचलली.

बऱ्याच गोष्टी मार्गी लागल्या. फॉल्स सीलिंग आणि संगमरवर रद्द. एल सोफाही रद्द. तो कागद अंथरल्यावर हॉलमध्ये आडवं चालावं लागत होतं. बेडरूममध्ये १५ इंची कपाट, वर छतापर्यंत बंद माळा, मखर आणि पाहुण्यांच्या गाद्या तिथे. टोकाची भिंत गडद निळी करायला नवरा तयार, सासूबाई "पोलीस चौकी" म्हणाल्या, त्यामुळे आता पानांसारखा हिरवा बघतोय.

टेबलाची गंमत ऐका. मी किचनचं सांगितलं तर चिरंजीव लगेच हो म्हणाले, फ्रिज हाताशी म्हणून. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मला दिवा चालत नाही असं कधी म्हटलं? ती ट्यूब डोळ्यांत येते म्हटलं होतं." म्हणजे छोटा, खाली तोंड केलेला दिवा असेल तर मुलगा हॉलमध्ये खिडकीशीही बसू शकतो! आता दोन्ही पर्याय उघडे आणि घरात दोन पक्ष.

नंदू_ठाणे
फ्रिजच्या पक्षाला माझं मत.

अवनी_लालबाग
दोन्ही करा. खिडकीशी संध्याकाळी, किचनमध्ये रात्री. फळीचे पैसे फार नाहीत. पण आजी तसं म्हणतेय तोवर म्हणतेय, प्रिलिमच्या वेळी नातू पहाटे चारला उठला की बघू.

मुग्धा_डोंबिवली
@प्लायवाला_मित्र, ती भिंत किचन आणि बेडरूमच्या मधली आहे, ठोकून पाहिली तर पोकळ वाजते. फळी पेलेल ना? मुलगा दोन्ही कोपर टेकून, अर्धा आडवा होऊन वाचतो.

प्लायवाला_मित्र
इमारत गेल्या दहा-पंधरा वर्षांतली असेल तर हलके सिपोरेक्सचे ब्लॉक असू शकतात. ड्रिल मारताना पांढरी भुकटी पडली तर तेच. त्यात साधा प्लग फिरून बाहेर येतो, ब्लॉकसाठी वेगळे लांब अँकर मिळतात, ते मागा. लाल भुकटी आली तर वीट, मग साधे चालतील. दोन्हीत खाली एक लाकडी पट्टी भिंतीला आडवी मारून घ्या, म्हणजे वजन दोन ब्रॅकेटवर न येता पट्टीभर पसरेल. आणि स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली ड्रिल मारू नका, वायर तिथूनच गेलेली असते. सुताराला स्वतः उभं राहून दाखवा.

सुगरण_नसलेली
ते पुढे ओढायच्या हँगरच्या दांडीला दुकानात काय म्हणून मागायचं? आमच्या हार्डवेअरवाल्याने मला टॉवेल रॉड दिला.

कट्ट्यावरचा_बंड्या
घेतलात ना? लावून टाका. पावसाळा येतोय, टॉवेल वाळत नाहीत.